मेटल डिटेक्टरच्या कॉइलचा बॅलन्स वारंवार ढळतो तेव्हा

उद्यमनगरातील माझ्या छोट्या कार्यशाळेत दुरुस्तीला येणाऱ्या मेटल डिटेक्टरांसोबत बहुधा एकच निदान आधीच ठरून आलेले असते: "कॉइलचा बॅलन्स गेलाय, खोलून परत बसवून द्या." आणणारी माणसे वेगवेगळी असतात. सॉ मिलवाल्यांना रस्त्याकडेच्या आंब्या-बाभळीच्या ओंडक्यांत कधीकाळी पाट्यांसाठी ठोकलेले खिळे करवतीला लागण्याआधी शोधायचे असतात, प्लंबरला मातीखाली गडप झालेले व्हॉल्व्हचे झाकण हवे असते आणि शेतकऱ्याला उसाच्या रानात तुटून पडलेले रोटाव्हेटरचे पाते पुढच्या मशागतीआधी मिळायला हवे असते. तक्रार मात्र सर्वांची सारखी असते. माझा अनुभव असा, की यांपैकी बहुतेक कॉइल खोलाव्याच लागत नाहीत. आणि ज्या घाईने खोलल्या जातात, त्यांतील काही पुन्हा कधीच पूर्वीसारख्या होत नाहीत.

पुढील विवेचन इंडक्शन बॅलन्स पद्धतीच्या, म्हणजे साधारण ३ ते ३० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या आणि दांडीच्या टोकाच्या चकतीत (हीच कॉइल) ट्रान्समीट (सिग्नल सोडणारे) व रिसीव्ह (सिग्नल पकडणारे) अशी तारेची दोन वेगळी वेटोळी असलेल्या हातातील डिटेक्टरांपुरतेच आहे. पल्स इंडक्शन यंत्रांची गोष्ट निराळी.

लक्षणे

बॅलन्स ढळल्याचा संशय घेण्याजोगी लक्षणे अशी. यंत्र चालू करताच, कॉइल हवेत धरलेली असतानाही, ओव्हरलोडचा आवाज येतो. कॉइलवर बोटाने टकटक केल्यास प्रत्येक ठोक्याला आवाज उमटतो. सकाळी सावलीत यंत्र नीट चालते, पण दुपारी उन्हात अर्धा तास गेला की विनाकारण किरकिर करू लागते. जमिनीपासून उचलताना आणि खाली आणताना वेगवेगळे आवाज येतात. पूर्वी वीतभर खोलीवर सापडणारी वस्तू आता चार बोटांवरही चुकते. सर्वांत फसवे लक्षण म्हणजे लोखंडी खिळा आणि पितळी वस्तू यांना यंत्र एकाच सुरात दाद देते.

या शेवटच्या लक्षणाबाबत एक खबरदारी घ्यावी. पुष्कळ लोक रुपया-दोन रुपयांचे नाणे कॉइलसमोर फिरवतात आणि "नाण्यालाही लोखंडच दाखवतोय" असे म्हणून यंत्राला दोष देतात. एक आणि दोन रुपयांची आजची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची असून ती चुंबकाला चिकटतात. त्यामुळे यंत्र त्यांना लोखंड म्हणत असेल, तर ते फारसे चुकत नाही. तपासणीसाठी चुंबकाला न चिकटणारे पाच रुपयांचे पितळी नाणे आणि दोन इंची खिळा अशी जोडी वापरावी, आणि ती कॉइलच्या पिशवीतच ठेवावी.

शून्य म्हणजे नेमके काय

तपासणीला लागण्यापूर्वी हे समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा क्रम त्यावरच उभा आहे. ट्रान्समीट कॉइलचे चुंबकीय क्षेत्र तिच्या वेटोळ्याच्या आत एका दिशेला आणि बाहेर उलट दिशेला असते. डीडी प्रकारात (इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली) रिसीव्ह कॉइल अशी बसवतात, की तिचा काही भाग ट्रान्समीटच्या आत आणि उरलेला बाहेर राहावा. दोन्ही भागांतून जाणारा फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) एकमेकांस खोडतो आणि रिसीव्ह कॉइलमध्ये जवळजवळ काहीच व्होल्टेज उरत नाही; यालाच शून्य म्हणतात. कॉन्सेंट्रिक (एकात एक गोल वेटोळी असलेल्या) प्रकारात हेच काम उलट दिशेने गुंडाळलेले तिसरे छोटे वेटोळे करते. धातू जवळ आला की हा समतोल मोडतो, आणि यंत्र तेवढेच ऐकत असते.

बाजारातल्या तराजूला जसा पासंग असतो, तशीच ही व्यवस्था आहे. पारडी रिकामी असताना काटा मध्यावर यावा म्हणून हलक्या बाजूला थोडे वजन बांधतात. ते सुटले, तर तराजू मोडलेला नसतानाही प्रत्येक माप चुकते. कॉइलमध्ये हा पासंग म्हणजे दोन वेटोळ्यांची एकमेकांवरची जागा. ती अर्ध्या मिलिमीटरने सरकली, तरी स्कोपवर (लाटेचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) स्पष्ट दिसते. ट्रान्समीटवर २० व्होल्ट पीक-टू-पीक (लाटेच्या तळापासून शिखरापर्यंत) असताना चांगल्या कॉइलच्या रिसीव्हवर सुमारे १० ते २० मिलिव्होल्ट उरतात, म्हणजे जवळजवळ हजारात एक भाग. इतक्या नाजूक शून्यावर बाहेरच्या कितीतरी गोष्टींचा परिणाम होतो. म्हणूनच शून्य बिघडलेले दिसले, तरी वेटोळी सरकली आहेत असे लगेच समजू नये.

पहिली तपासणी: जागा

फुकटची आणि सर्वाधिक वेळा उपयोगी पडणारी तपासणी हीच आहे. यंत्र घराबाहेर, मोकळ्या जागेत न्यावे आणि लाकडी स्टुलावर ठेवावे. स्लॅबमध्ये सळ्या असतात, टेबलाला लोखंडी पाय असतात, भिंतीत वायरिंग असते. हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे, मोबाइल दहा पावले दूर ठेवावा, जवळचे एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर बंद करावे. किरकिर थांबली, तर कॉइल निर्दोष आहे.

आजूबाजूचे लोखंड विसरण्याची ही चूक फार जुनी आहे. डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये इंडक्शन बॅलन्सचे उपकरण मांडले आणि दोनच वर्षांनी, जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागल्यावर, शरीरात अडकलेली ती गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल असेच उपकरण घेऊन गेले. उपकरण चालत होते. पण पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शोधायला दिली ती बाजूही चुकीची होती. गोळी सापडली नाही. आपल्याकडचा लोखंडी कॉट हे काम तितक्याच इमानाने करतो.

दुसरी: सेल

सेलचा व्होल्टेज यंत्र चालू असताना मोजावा, बंद असताना नव्हे. आठ साधे सेल मिळून १२ व्होल्ट होतात, पण त्यांच्या जागी आठ रिचार्जेबल घातले की ९.६ व्होल्टच मिळतात, आणि काही यंत्रांचे ऑसिलेटर (ट्रान्समीटसाठी लहरी तयार करणारे सर्किट) तेवढ्यावर डळमळू लागतात. सेलच्या कप्प्यातील स्प्रिंग गंजली असेल, तर दांडी हलवताच पुरवठा तुटतो आणि तो आवाज अगदी कॉइलवरच्या ठोक्यासारखाच येतो. पॉलिश पेपरचा एक तुकडा इथे पुरतो.

तिसरी: केबल, प्लग आणि बोल्ट

यंत्र बंद करूनच कॉइलचा प्लग काढावा. चालू असताना काढल्यास वेटोळ्यात साठलेली ऊर्जा आतील ट्रान्झिस्टरवर आदळते. प्लगच्या पिना भिंगातून पाहाव्यात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जो ओलावा असतो, त्यात या पिनांवर हिरवट थर चढतो, आणि रिसीव्हच्या मिलिव्होल्टांना तो थरही अडथळाच असतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश यांनी तो निघतो.

केबल दांडीभोवती घट्ट गुंडाळलेली असावी. ती कॉइलजवळ लोंबत असेल, तर तिच्यातील तांबे आणि शील्ड (तारांवरचे धातूचे संरक्षक वेष्टन) हे कॉइलच्या दृष्टीने हलणारे धातूचे लक्ष्यच असते. कॉइल दांडीला ज्या बोल्टने जोडली आहे, तो नायलॉनचा आहे ना, हेही पाहावे. मूळ बोल्ट हरवल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला लोखंडी नट-बोल्ट घातलेल्या कॉइल माझ्याकडे दरवर्षी येतात. "साहेब, हा लईच मजबूत हाय," असे वर कौतुकही ऐकायला मिळते. त्या बोल्टने शून्य पार बिघडते. बोल्ट बदलला की दुरुस्ती संपते आणि पैसे मागायला संकोच वाटतो.

चौथी: खालचे आवरण

कॉइलच्या तळाला घासू नये म्हणून प्लॅस्टिकचे आवरण बसवलेले असते, आणि त्याच्या फटीतून आत माती शिरते. आपली काळी माती बेसॉल्टपासून बनलेली आहे आणि तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. ओढ्याच्या वाळूतून चुंबक फिरवून पाहिल्यास त्याला काळी मिशी चिकटते. फाउंड्रीच्या आवारात वापरलेल्या यंत्रात तर या मातीऐवजी सरळ लोखंडाची भुकटीच सापडते. आवरण काढून धुवावे, पुसावे आणि पूर्ण वाळवून बसवावे. ठोक्याला आवाज येणाऱ्या कॉइलींपैकी कित्येक या एका धुण्याने शांत झालेल्या मी पाहिल्या आहेत.

इथे ग्राउंड बॅलन्सबद्दल सांगणे भाग आहे, कारण दोन्ही गोष्टींना लोक "बॅलन्स"च म्हणतात. ग्राउंड बॅलन्स म्हणजे मातीतील खनिजांचा सिग्नल कंट्रोल बॉक्समधील नॉबने किंवा बटणाने वगळणे. त्याचा वेटोळ्यांच्या जागेशी संबंध नाही. पंचगंगेकाठच्या काळ्या रानात जुळवलेले यंत्र राधानगरी किंवा शाहूवाडीच्या बाजूला जांभ्याच्या लाल मातीत नेले, तर कॉइल वर-खाली करताना ते ओरडणारच. हवेत शांत आणि जमिनीवर बेचैन असे यंत्र असेल, तर प्रथम तेथेच उभे राहून ग्राउंड बॅलन्स नव्याने करावा. हवेतही बेचैन असेल, तरच पुढे जावे.

पाचवी: मल्टिमीटर

प्लग काढून दोन्ही वेटोळ्यांचा रोध मोजावा. ट्रान्समीटचा बहुधा काही ओहम आणि रिसीव्हचा त्याहून बराच जास्त असतो; नेमके आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे, म्हणून कॉइल चांगली असतानाच ते मोजून झाकणावर लिहून ठेवण्याची सवय लावावी. एका कॉइलचा रोध अनंत दाखवला, तर तार तुटली आहे आणि ती बहुधा केबल कॉइलमध्ये शिरते तेथेच तुटलेली असते, वेटोळ्यात नव्हे. ट्रान्समीट व रिसीव्ह यांच्यात मीटरने मेगाओहम दाखवले पाहिजेत (समाईक ग्राउंड असलेल्या रचनेत ग्राउंडची जोडणी लक्षात घेऊन). काही किलोओहम दिसले, तर आत पाणी आहे. अशी कॉइल तीन-चार दिवस सावलीत, कोरड्या जागी ठेवून पुन्हा मोजावी. हेअर ड्रायर लावू नये.

मोजताना तापमानाचा हिशेब ठेवावा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे २५ अंशांवर मोजलेली कॉइल उन्हात ५५ अंशांपर्यंत तापली, की रोध सुमारे १२ टक्क्यांनी जास्त दिसतो. तो दोष नव्हे.

एक इशारा. साध्या मल्टिमीटरचा एसी व्होल्ट विभाग ५० हर्ट्झसाठी बनवलेला असतो. १० किलोहर्ट्झवर तो जो आकडा दाखवतो, त्याला काही अर्थ नसतो. त्या आकड्यावरून शून्य जुळवण्याचा प्रयत्न करून चांगल्या कॉइल बिघडवलेल्या मी पाहिल्या आहेत.

सहावी: शील्ड

गवत ओले असताना किंवा कॉइलला हात लागताच आवाज येत असेल, पण कोरड्या जागी सर्व ठीक असेल, तर वेटोळ्यांकडे वळण्याआधी शील्डचा विचार करावा. हे शील्ड ग्रॅफाइटच्या रंगाचे किंवा अॅल्युमिनियम फॉइलचे असते, आणि त्याचे काम हात, पाणी व गवत यांची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वेटोळ्यांपर्यंत न पोहोचू देणे, एवढेच असते. ते ग्राउंडला एकाच ठिकाणी जोडलेले असले पाहिजे आणि त्याचे वर्तुळ एका जागी तुटलेले असले पाहिजे. ही फट बुजली, तर शील्ड स्वतःच एक शॉर्ट झालेला वेढा बनते, त्यात प्रवाह फिरू लागतो, आणि मग कितीही सरकवासरकव केली तरी शून्य मिळत नाही. घरगुती कॉइलमध्ये फॉइल गुंडाळताना शेवटची दोन बोटे एकमेकांवर चढवण्याचा मोह होतो. तेथेच घात होतो.

सातवी: स्कोपवर शून्य पाहणे

इथपर्यंत काही सापडले नाही, तरच स्कोप बाहेर काढावा. एका चॅनेलवर ट्रान्समीट, दुसऱ्यावर रिसीव्ह, ट्रिगर ट्रान्समीटवर. कॉइल केबलसह आणि तिच्या स्वतःच्या कपॅसिटरांसह जोडलेली असावी, कारण केबलची कपॅसिटन्सदेखील रिसीव्हच्या रेझोनन्समध्ये (नैसर्गिक वारंवारतेत) मोजली जाते. ट्रान्समीटची वारंवारता आधी पाहावी. उदाहरणार्थ, ६ मिलिहेन्रीचे वेटोळे आणि २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर ती १४.५ किलोहर्ट्झच्या आसपास यायला हवी. ती उन्हात भरकटत असेल, तर दोष कपॅसिटरचा आहे. आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी तेथे स्वस्तातला सिरॅमिक कपॅसिटर लावलेला असतो. तेथे पॉलिप्रॉपिलीन हवा. तो काही रुपयांत मिळतो आणि कॉइल वाचते.

मग रिसीव्हचा आकडा पाहावा: आधी सावलीत, मग कॉइल उन्हात ठेवून दर दहा मिनिटांनी. आकडा स्थिर पण मोठा असेल, तर कॉइलजवळ धातू आहे किंवा ती मुळातच चुकीची बसवलेली आहे. आकडा तापमानासोबत सरकत असेल आणि थंड झाल्यावर मूळ जागी येत असेल, तर आतील वेटोळे कोठेतरी सुटले आहे. ठोक्यासरशी उडी मारत असेल, तर तार मोकळी आहे.

या ठिकाणी माझी स्वतःची एक चूक सांगतो. सुरुवातीला मी जुळवलेली वेटोळी हॉट ग्लूच्या थेंबांनी पक्की करीत असे, कारण तो लगेच थंड होतो. डिसेंबरात दिलेल्या दोन कॉइल एप्रिलमध्ये परत आल्या. काळ्या रंगाची कॉइल उन्हात इतकी तापते, की आतला ग्लू नरम पडतो आणि वेटोळे आपल्या ताणाने सरकते. दोन्ही फुकट करून द्याव्या लागल्या.

आठवी: खोलून पुन्हा जुळवणे

ज्यांनी स्वतः कॉइल बनवली आहे, त्यांनी हे करावे. कंपनीच्या बंदिस्त कॉइलबाबत पुढे लिहिले आहे.

वेटोळी मोटर वाइंडिंगवाल्यांकडे मिळणाऱ्या एनॅमल तारेची असतात. ती दोऱ्याने आवळून वॉर्निशमध्ये बुडवून पूर्ण कडक केलेली हवीत. मोकळ्या वेढ्यांवर इपॉक्सी ओतले, तर आत हवेचे बुडबुडे राहतात आणि तेथे तार कायमची थरथरत राहते. ट्रान्समीट आधी पूर्ण पक्की करावी. मग रिसीव्ह तिच्यावरून हळूहळू सरकवावी: स्कोपवरचा आकडा उतरत जातो, एका जागी किमान होतो, आणि पुढे सरकवल्यास पुन्हा चढतो, मात्र या वेळी लाट उलटी झालेली असते. ती उलटली, म्हणजे आपण शून्य ओलांडले.

किमान बिंदूवरही थोडे उरतेच. हा उरलेला सिग्नल दोन प्रकारचा असतो आणि जाणकार व नवखा यांतील फरक येथे दिसतो. एक भाग वेटोळ्यांच्या जागेमुळे असतो. तो सरकवून जातो. दुसरा भाग त्याच्याशी ९० अंशांच्या फेजमध्ये, म्हणजे पाव लाटेने पुढे-मागे, असतो आणि तो शील्डमधील प्रवाहातून किंवा कपॅसिटन्समधून येतो. त्याला सरकवण्याचा काही उपयोग नाही. फेराइटचा (वीज न वाहणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा) छोटा तुकडा फक्त पहिल्या भागावर परिणाम करतो, तर पातळ अॅल्युमिनियम फॉइलची चिंधी दुसऱ्यावरही करते. तासन्‌तास वेटोळे ढकलत बसणाऱ्यांना मी प्रथम फेजकडे पाहायला सांगतो.

आता इपॉक्सी. हे कडक होताना तापते आणि आकसते, आणि नेमके त्या क्षणी अर्धा मिलिमीटर इकडचे तिकडे होते. म्हणून हळू काम करणारा हार्डनर घ्यावा, पातळ थरांत ओतावे, आणि प्रत्येक थर रात्रभर ठेवून सकाळी आकडा पुन्हा पाहावा. पावसाळ्यात दमट हवेमुळे वरचा थर चिकट व पांढुरका राहतो. शक्य असेल तर हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये करावे. रिसीव्हच्या तारेचा बोटभर लांबीचा एक लूप मुद्दाम मोकळा ठेवावा. शेवटच्या थराआधी तो एका बाजूला वाकवला की फ्लक्स थोडा वाढतो, दुसरीकडे वाकवला की कमी होतो. शेवटचे पाच-दहा मिलिव्होल्ट असेच जातात, आणि मग त्या लूपवर थेंबभर इपॉक्सी टाकून तो पक्का करता येतो.

कोठे थांबावे

कॉइल कंपनीची आणि वॉरंटीत असेल, तर पाचव्या तपासणीनंतर थांबावे. बंदिस्त कॉइल करवतीने कापणे म्हणजे ती टाकून देण्याची तयारी करणे होय. शिवाय कडक इपॉक्सीची भुकटी श्वासात जाते, म्हणून मास्कशिवाय ते काम करूच नये. दोनदा नव्याने ओतूनही शून्य सावली आणि ऊन यांत सरकत राहिले, तर तिसरा प्रयत्न करू नये. नवे वेटोळे गुंडाळणे किंवा नवी कॉइल विकत घेणे स्वस्त पडते.

साखर कारखान्याच्या किंवा अन्नप्रक्रियेच्या कन्व्हेयरवरचे डिटेक्टर तत्त्वतः असेच असतात: मध्ये ट्रान्समीट, दोन्ही बाजूंना समान अंतरावर रिसीव्ह. पण तेथे ४१५ व्होल्टची मोटर आणि चालता पट्टा शेजारी असतो, आणि तपासणीची नोंद ठेवावी लागते. त्यांना कंपनीच्या तंत्रज्ञाशिवाय हात लावू नये. जमिनीखालील विजेची केबल नेमकी कोठे आहे, हे या यंत्रावर विसंबून ठरवू नये. त्यासाठी महावितरणलाच बोलवावे. खणताना जुना तोफगोळा किंवा काडतूस दिसले, तर तेथेच थांबून पोलिसांना कळवावे.

आणि जे लोक पन्हाळ्यावर किंवा एखाद्या पडक्या गढीत फिरवण्यासाठी यंत्र जुळवून मागतात, त्यांचे काम मी घेत नाही. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि इतरत्रही मातीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. अशा गिऱ्हाइकाची कॉइल बिघडलेली असली, तर मी ती तशीच परत देतो.